खाट करकरते

ज्याला हाताने काही करता येत नाही, त्याने निदान नॉर्वेत तरी जन्माला येऊ नये. इथे बँकेतला कारकूनसुद्धा सुट्टीत डोंगरावर जाऊन आपल्या हाताने लाकडी झोपडी उभी करतो. चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवा भेटले, तर देवाबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि रंध्याबद्दल दहा. अशा मुलखात आसलाक ब्रेक्के याने सगळी नोकरी टपाल कचेरीत काढली. कुठलं पत्र कुठल्या खणात जायचं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण हातात करवत आली की लाकूड एका बाजूला जायचं आणि आसलाक दुसऱ्या. एकदा त्याने पाखरांसाठी लाकडी घरटं करून खिडकीसमोरच्या बर्चच्या झाडाला टांगलं. पाखरं आली, बाहेरूनच बघून निघून गेली. त्याची बायको हालदिस म्हणाली, "त्यांना कोपरे काटकोनात लागत असतील."

अशा माणसावर मार्च महिन्यात, तळं अजून गोठलेलं असताना, खाट दुरुस्त करायची पाळी आली.

खाट हालदिसच्या वडिलांनी लग्नात दिलेली. म्हातारा आयुष्यभर लाकडी स्की बनवायचा. त्याने पाइनच्या फळ्या अशा काही वाकवून बसवल्या होत्या की संबंध खाटेत एक खिळा नव्हता. नुसत्या खाचा आणि खुंट्या. खोली मात्र चिंचोळी. शेजारचा ओडवार म्हणायचा, "यांची खाट आधी आली आणि भिंती मागाहून बांधल्या." त्या खाटेवर दोघं लग्नापासून झोपत आली होती. ती भिंतीकडे, तो दाराकडे.

मागच्या शरदात हालदिसचा आजार हाडांत उतरला. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं, आणि ती घरी आली. घरी म्हणजे या खाटेवर.

नगरपालिकेची नर्स मारित आठवड्यातून दोनदा यायची. त्या गुरुवारी तिने विचारलं, "दुखतं का?"

"थोडंसं. चालतंय," हालदिस म्हणाली.

त्या बाजूला माणसाचा पाय करवतीत सापडला तरी तो "चालतंय" असंच म्हणतो, हे मारितला ठाऊक होतं. तीही तिथलीच. तिने हालदिसची हनुवटी उजेडाकडे वळवली. "मग डोळ्यांखाली हे काय? झोप लागत नाही?"

"कशी लागेल? ही खाट बघ ना. कूस बदलली की अशी करकरते की मेलेला उठून बसेल."

ते खरंच होतं. सगळा हिवाळा रात्री खाट करकरायची, हालदिस म्हणायची "मेली ही खाट!", आणि आसलाक अर्धवट झोपेत म्हणायचा, "बघतो उद्या." तो उद्या काही उगवला नव्हता.

"मग नगरपालिकेची खाट आणू या," मारित म्हणाली. "कळ दाबली की डोकं वर, कळ दाबली की पाय वर. पाठीला आराम पडेल."

"दोघांची असते?" आसलाकने विचारलं.

"नाही हो, एकाचीच. आणि ती आत यायची तर ही बाहेर काढावी लागेल. तुम्ही बैठकीत सोफ्यावर झोपा."

"नको," दोघं एकदम म्हणाली. मग हालदिस म्हणाली, "आसलाक करेल दुरुस्त."

हे बोलताना तिची नजर खिडकीबाहेरच्या घरट्याकडे गेली. ती तिने लगेच वळवली, पण आसलाकला दिसायची ती दिसली.

मारितने बॅग उचलली. "मी सोमवारी येते. तोवर हिला झोप लागायला लागली तर राहू दे तुमची खाट. नाहीतर मी डॉक्टरांना सांगून दुसरी मागवणार. मग रुसायचं नाही."

मारित गेली आणि आसलाकने बाह्या सरसावल्या. टपालात कामाला लागण्याआधी बाह्या सरसावायची त्याला सवय होती. तिथे पुढचं काम माहीत असायचं, एवढाच काय तो फरक. त्याने साबणाची वडी घेतली आणि जिथे म्हणून फट दिसली तिथे घासली. मग खाट हलवून पाहिली.

"काय वाटतं?" त्याने विचारलं.

"आधी बेडूक होता," हालदिस म्हणाली. "आता मांजर झालं."

तेवढ्यात ओडवार आला. चाळीसारखी एकाला एक चिकटलेली घरं, भिंती पातळ. एका घरात शिंक आली की शेजारी बरं व्हा म्हणायचे. ओडवारने गावच्या स्की मंडळासाठी हयातभर स्कीला मेण चोपडलं होतं. मेणाची पेटी तो डॉक्टर बॅग नेतो तशी नेत असे. ती आजही काखेत होती.

"साबण?" तो म्हणाला. त्याने खाटेकडे आणि मग आसलाककडे असं पाहिलं, जणू त्याला दोघांचीही कीव आली. "अरे, खाट कोणी केली? स्की करणाऱ्याने. लाकूड कुठलं? पाइन. लाकडावर लाकूड घासतंय. मग ही स्कीच नाही तर काय आहे?"

आसलाकला यात खोट काढता येईना. ओडवारने खिशातून थर्मामीटर काढून उशाशी टांगला. "रात्री खिडकी उघडी ठेवता ना?"

"हा काय प्रश्न झाला?" हालदिस म्हणाली. खिडकी लावून झोपणाऱ्या माणसाविषयी त्या गावात दबल्या आवाजात बोलत.

"म्हणजे रात्री इथे शून्याच्या खाली. बर्फ कोरडा."

"बर्फ?"

"बोलायची रीत. शून्याच्या खाली म्हणजे निळं मेण." आणि ओडवारने गुडघ्यावर बसून, जीभ दातात धरून, एकेका खाचेत निळं मेण चोपडलं.

आता स्कीच्या मेणात दोन जाती. एक घसरायचं. दुसरं धरायचं, म्हणजे चढावर पाय मागे सरकू नये म्हणून लावतात ते. ओडवारने जन्मात पहिल्याला किंमत दिली नव्हती. "घसरायला काय, कुणीही घसरतं," तो म्हणायचा, "चढता आलं पाहिजे." तेव्हा पेटीत जे होतं ते धरायचं होतं, आणि तेच खाटेला लागलं. उभा जन्म बर्फावर काढलेल्या दोन म्हाताऱ्यांना हे सुचू नये? पण माणसाला जे रोज हाताशी असतं तेच त्याच्या डोक्यात सर्वांत कमी असतं.

शुक्रवारी सकाळी ओडवार दारात हजर. "कशी झाली झोप?"

"करकरत नाही आता," हालदिस म्हणाली. "आता आधी धरून ठेवते, मग एकदम सोडते. कूस बदलली की बंदूक उडते. आसलाक दोनदा उठून बसला, त्याला वाटलं लढाई लागली."

ओडवारचा चेहरा पडला. पण मेणवाल्याचा चेहरा फार वेळ पडत नाही. "ऊन आलं असेल खोलीत. जांभळं लावायला हवं होतं." मग त्याने जांभळं लावलं. दुपारी हालदिस पाणी प्यायला उठली तेव्हा खाट तिच्याबरोबर उठली आणि मग दाणकन खाली बसली.

शनिवारी ठरलं की सगळं मेण खरवडून काढायचं. मेण काढायचं म्हणजे ऊब द्यायची, असा ओडवारचा शिरस्ता. आणि लाकूड एकदा उघडं पडलं की त्याला जुन्या स्कीला देतात तसं डांबर द्यायचं, हा दुसरा. हालदिसला सोफ्यावर निजवलं. खाट सुटी केली. ओडवारने लाकडावर ज्योत धरायची गॅसची बत्ती पेटवली, आसलाकने ब्रशाने डांबर फासलं, आणि खोलीत पाइनच्या जंगलाला वणवा लागावा तसा धूर झाला.

त्या घरांमधले धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले. एक ओरडला की सगळे ओरडतात. क्षणात सगळी रांग घरच्या चपला घालून बर्फात उभी. हालदिसला आसलाकने घोंगडीत गुंडाळून पायाने रेटायच्या घसरखुर्चीवर बसवलं आणि बाहेर आणलं. सोसायटीची अध्यक्ष तोरुन केसांना रंग लावून बसलेली, ती तशीच डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून आली.

"आसलाक," ती म्हणाली, "नियमावलीत गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवायला बंदी आहे. निजायच्या खोलीत डांबर पेटवायला बंदी नाही, कारण असा माणूस जन्माला येईल हे समितीच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या बैठकीत आपण तो नियम घालतोय. तुझ्या नावाने."

लोक हसले. आसलाकची कानशिलं तापली. टपालात त्याच्या नावाने कधी साधी सूचनासुद्धा निघाली नव्हती. बंब आला, बंबावरच्या दोघांनी हुंगून पाहिलं, आणि एक म्हणाला, "वा! आमच्या आजोबांच्या पडवीचा वास." तेवढ्याने ते काम संपलं. पण लोक बाहेर आलेच होते, ऊन पडलं होतं. कुणी कॉफीचा थर्मास आणला, कुणी तपकिरी चीज घातलेले वाफल. हालदिस त्या घोळक्याच्या मधोमध खुर्चीवर बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"ओडवार," ती म्हणाली, "मला तळ्यापर्यंत रेट. खूप दिवसांत गेले नाही."

ओडवारने रेटलं. मध्ये बर्फाचा एक उंचवटा लागला, खुर्ची आपटली, आणि हालदिसची बोटं खुर्चीच्या हातावर अशी आवळली गेली की पांढरी पडली. बाजूने चालणाऱ्या आसलाकला ते दिसलं. त्याला वाटलं, थंडी.

"हातमोजे देऊ?"

"दे," ती म्हणाली.

रविवार उजाडला तेव्हा खाटेच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हालदिसने रात्र सोफ्यावर काढली होती. दुसऱ्या दिवशी मारित येणार. आसलाकने हातोडी उचलली, तोच दारावर टकटक. तोरुन. केस आता लालसर तपकिरी झाले होते, एका बाजूला जरा जास्तच.

"आसलाक, रविवारी ठोकाठोकी नाही."

"माहीत आहे. पण उद्या मारित येतेय." आणि मग त्याने तिला सांगितलं. मेण, बत्ती वगैरे काही नाही. एवढंच सांगितलं की खाट गप्प झाली नाही तर तिची खाट वेगळी आणि माझा सोफा वेगळा. आणि डॉक्टर म्हणालेत की उन्हाळा दिसेलच असं नाही.

मग तोरुनने उंबऱ्यातच बूट काढले. "नियम आवाजाबद्दल आहे," ती म्हणाली. "खाटेबद्दल नाही."

ओडवारही आला, आणि त्या घरात सगळ्यांनी मिळून कामाला लागायची जी इर्जिक झाली तशी त्या गावाने पाहिली नसेल. सगळे लोकरीच्या मोज्यांवर, सगळे कुजबुजत, चर्चमध्ये चोर शिरावेत तसे. फळी सरकवायची तरी श्वास धरून. तोरुन म्हणाली, "आमच्या आजीकडे खुंटीला लोकर गुंडाळायचे. मेण नाही, डांबर नाही. लोकर."

ओडवारने न ऐकल्यासारखं केलं.

"लोकर कुठून आणू?" आसलाक कुजबुजला.

"तुझा निळा स्वेटर काप," सोफ्यावरून हालदिस म्हणाली. तिला कुजबुजायची गरज नव्हती. तिचा आवाज आताशा तेवढाच होता.

"तो तू विणलायस."

"म्हणून तर सांगते. कोपरं गेलीत त्याची. आणि तू तो माझ्या मागे घालून बसशील आणि लोक म्हणतील, बघा, याच्याकडे बघायला कुणी नाही. काप."

आसलाकच्या हातात कात्री चालेना. शेवटी तोरुनने ती घेतली आणि दुसरीकडे बघत स्वेटरच्या पट्ट्या केल्या. एकेक पट्टी एकेका खुंटीला. खुंटी खाचेत बसवायला हातोडी चालत नव्हती, म्हणून ओडवार टॉवेलात गुंडाळलेल्या मुठीने ठोकत होता. एकदा त्याचा अंगठा फळीखाली सापडला. त्याने तोंड उघडलं, डोळे पांढरे केले, मान आकाशाकडे केली आणि आवाज न काढता बोंबलला. अगदी रविवारच्या नियमात बसेल असं. हालदिस हसता हसता थांबली आणि म्हणाली, "ओडवार, छान जमलं की तुला हे."

खाट उभी राहिली. आधी आसलाक बसला. मग ओडवार बसला, आणि उड्या मारल्यासारखं केलं. मग सोसायटीची अध्यक्षसुद्धा बसली. तिघं मिळून गदागदा हलली. हूं नाही की चूं नाही. आसलाकने खिडकीतून बर्चच्या झाडाकडे पाहिलं. ती पाखरं आज इथे असायला हवी होती, असं त्याला फार वाटलं.

शेजारी गेले. खिम्याचे गोळे आणि उकडलेले बटाटे झाले. हालदिसने दोन घास खाल्ले, नेहमीपेक्षा एक जास्त. मग वामकुक्षीला दोघं नव्या जुन्या खाटेवर आडवी झाली. ती भिंतीकडे, तो दाराकडे. पडद्यातून ऊन येत होतं. आसलाक डोळे मिटून कान देऊन पडला होता, आपण केलेली शांतता ऐकत. जन्मात पहिल्यांदा त्याने काहीतरी लाकडी असं केलं होतं की जे आपलं काम करत होतं.

मग हालदिसने कूस बदलली.

खाट गप्प होती. त्या गप्पपणात त्याला एक आवाज आला. दात आवळून आत ओढलेला श्वास, आणि त्याच्या मागून घशातून आलेलं काहीतरी बारीक, झोपेत कुत्र्याचं पिल्लू करतं तसं. ते थोडा वेळ चाललं. मग थांबलं. मग हालदिस सवयीने म्हणाली,

"मेली ही खाट."

आणि म्हणून झाल्यावर ती गप्प झाली. तोही गप्प. खाट तर गप्प होतीच. दोघं छताकडे बघत पडून राहिली. सगळा हिवाळा खाटेच्या नावावर कुणाचा आवाज जमा होत होता, हे पत्रं निवडणाऱ्या माणसाला आज कळलं. आणि का, तेही कळलं. दुखतंय म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळीची खाट आली असती.

"बघतो उद्या," आसलाक म्हणाला. तोही सवयीनेच. पण या वेळी त्याला उद्या काय बघायचं ते माहीत होतं.

सोमवारी मारित आली तेव्हा ओडवार आधीच दारात उभा होता, अंगठ्याला पट्टी, काखेत पेटी. लोकरीचं श्रेय तोरुनला जाऊ नये म्हणून तो लवकर आला होता.

"टाचणी पडली तर ऐकू येईल," त्याने मारितला सांगितलं. "पाया मेणाचा आहे, हे विसरू नका."

मारितने हालदिसला विचारलं, "मग? झोप?"

"छान," हालदिस म्हणाली. डोळ्यांखालचे डाग तसेच होते. "खाट अजिबात करकरत नाही. ठेवू ना आम्ही ही?"

मारितने आसलाककडे पाहिलं. आसलाकने एकदा खाटेकडे पाहिलं. कोपरे अगदी काटकोनात होते.

"करकरते," तो म्हणाला.

"काय?" ओडवार ओरडला. "डोकं फिरलं का तुझं? मी स्वतः नाचलो तिच्यावर!"

"भयंकर करकरते," आसलाक म्हणाला. "सगळी रात्र. मला हे काम जमत नाही, मारित. सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते घरटं बघ ना. पूर्वीपेक्षा वाईट झालंय. हिला क्षणभर झोपू देत नाही."

मारित खाटेपाशी आली. तिने दोन्ही तळवे गादीवर टेकले आणि सगळा भार टाकून खाट हलवली. पुन्हा हलवली. खोलीत आवाज होता तो फक्त ओडवारच्या श्वासाचा. हालदिस नवऱ्याकडे बघत होती. तो खिडकीबाहेर बघत होता.

"हालदिस," मारितने हळू विचारलं, "करकरते का?"

"हो," ती म्हणाली. "करकरते. खूप करकरते."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"आणि मला एवढ्या दिवसांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"त्याला सोफ्यावर झोप येत नाही ग," हालदिस म्हणाली. आणि मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

मारित खाटेच्या काठावर बसली, तिचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. "हो," ती फोनवर म्हणाली, "मला इथे बसून ऐकू येतंय. आजच काहीतरी द्या." ओडवार एकदा खाटेकडे, एकदा हालदिसच्या पाठीकडे बघत राहिला.

औषध दुपारी आलं, खाट त्याच्या मागोमाग. जुनी बाहेर काढायची तर ती सुटेना. लोकरीने प्रत्येक खुंटी अशी धरली होती की म्हाताऱ्या सासऱ्यालाही अभिमान वाटावा. शेवटी ओडवारने आणि आसलाकने ती अख्खी तिरकी करून, दाराच्या चौकटीचा रंग खरवडत बाहेर नेली आणि पडवीत भिंतीला उभी केली. तिथूनही ती करकरली नाही. नवी खाट कळ दाबली की गुरगुरत वर व्हायची. औषधाने हालदिसच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी होती, हे ती गेल्यावरच आसलाकच्या लक्षात आलं; त्याने ती तिच्या म्हातारपणात धरली होती.

त्याने सोफा ओढून झोपायच्या खोलीच्या दारासमोर आणला. ओडवार निरोप घ्यायचा म्हणून उभा होता, पण पाय निघत नव्हता. हाताला काही काम नव्हतं. त्याने सहज दाराला हात लावला. दार करकरलं. त्याने ते परत हलवलं. अगदी छान, लांब, वरच्या बिजागरीतून. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तो गुडघ्यावर बसला आणि पेटीचं झाकण उघडलं.

"ओडवार," आतून हालदिसचा आवाज आला. तिचे डोळे मिटलेलेच होते. "त्या दाराला हात लावलास तर याद राख. रात्री हा आत आला की मला कळायला हवं."

ओडवारने आसलाककडे पाहिलं. आसलाक सोफ्यावर चादर पसरत होता, ती नीट बसत नव्हती.

ओडवारने पेटीचं झाकण आवाज न करता लावलं. रविवार नसतानाही.